तापीकाठावरून फुलांच्या घाटीत: व्हॅली ऑफ फ्लॉवर्सची आखणी, खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे. उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स बघायला ज्या घांघरिया गावात मुक्काम करावा लागतो, ते 3,050 मीटरच्या आसपास. शेजारचं हेमकुंड साहिब, शिखांचं तीर्थस्थान, 4,300 मीटरच्याही वर. नंदुरबारचा अस्तंबा डोंगर तेराशे मीटरच्या थोडा वर भरतो. म्हणजे अस्तंब्याच्या डोक्यावर दुसरा अस्तंबा ठेवला, तरी घांघरिया वरच राहतं.

हे आधीच सांगण्याचं कारण, पहिल्या खेपेला आम्ही सहा जण निघालो तेव्हा हा हिशेब कुणीच केला नव्हता. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा करणारी, मे महिन्यात भर उन्हात केळीच्या बागेत राबणारी माणसं. आम्हाला काय होतंय! चालण्याचा त्रास खरंच झाला नाही. घात केला तो घाईने. सुट्टी आठ दिवसांची, परतीचं तिकीट पक्कं, मध्ये एकही दिवस मोकळा नाही. पिपळकोटीच्या पुढे दरड आली, रस्ता सव्वीस तास बंद राहिला आणि हरिद्वारची गाडी आमच्याविना निघून गेली. तेव्हापासून मी आखणी उलटी करतो. आधी मोकळे दिवस ठरवायचे, मग बाकीचं.

तारीख ठरवताना कानबाई आणि कपाशी दोन्ही बघा

घाटी साधारण 1 जूनला उघडते आणि 31 ऑक्टोबरला बंद होते. जूनमध्ये वाटेवर बर्फाचे पट्टे असतात, फुलं तुरळक. सप्टेंबरात पाऊस ओसरतो, आकाश मोकळं होतं, पण फुलांचं बी झालेलं असतं. खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. आणि रंग दर दहा-पंधरा दिवसांनी पालटतात, त्यामुळे मित्राने जुलैत काढलेला फोटो तुम्हाला ऑगस्टमध्ये दिसेलच असं नाही.

आता आपली अडचण. याच दिवसांत कपाशीची निंदणी-कोळपणी, खताचा दुसरा हप्ता, आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचा सण. मुंबई-सुरतला गेलेली माणसं ज्या दिवशी कानबाईच्या प्रसादाच्या रोटांसाठी गावी येतात, त्या दिवशी आपण हिमालयात असलो तर घरचे वर्षभर ऐकवतात. म्हणून पंचांग उघडून बसा. 2025 साली नागपंचमी 29 जुलैला होती, 2023 साली अधिक श्रावणामुळे 21 ऑगस्टला. ज्या वर्षी ती उशिरा येते, त्या वर्षी जुलैचा शेवट आणि ऑगस्टचा पहिला आठवडा बिनधास्त घ्या. लवकर येते तेव्हा एकतर कानबाईआधी परत या, किंवा रोट संपवून सोमवारी निघा. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. घरात पाहुणे असताना पाय निघत नाही, आणि निघालाच तर लक्ष लागत नाही.

दिवस किती लागतात

बारा. दहात बसतं, पण मग दरड आली की सगळं कोलमडतं. बारातले दोन दिवस कशालाच बांधायचे नाहीत.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधीच उघडतं. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघायचं तर जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आठला मोबाइल हातात घेऊन बसावं लागेल. भुसावळ-जळगावहून दिल्लीकडे पंजाब मेल, कर्नाटक एक्सप्रेस, गोवा एक्सप्रेस अशा गाड्या आहेत, साधारण सतरा-अठरा तासांचा प्रवास. धुळ्याच्या मंडळींनी जळगाव गाठावं हे सोपं, नंदुरबारकरांना तापी लाइनने भुसावळ. दिल्लीहून हरिद्वार रेल्वेने किंवा बसने पाच-सहा तास. जोडगाडीच्या मध्ये किमान चार तास ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडून जाणाऱ्या गाड्या वेळेवर पोचतील अशी पैज लावू नये.

हरिद्वार ते जोशीमठ (आता त्याचं नाव ज्योतिर्मठ) सुमारे 275 किलोमीटर. अंतर ऐकून वाटतं, जळगावहून नाशिकच काय ते, दुपारच्या जेवणाला पोचू. दहा-अकरा तास लागतात. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग करत रस्ता नदीच्या कडेकडेने चढतो, आणि रात्री डोंगरात गाड्या सोडत नाहीत. त्यामुळे पहाटे पाचला हरिद्वार सोडायचं. बस स्वस्त पडते. पण सहा-सात जण असतील तर जीप ठरवा, कारण वाटेत थांबता येतं आणि उलटी होणाऱ्याला खिडकी मिळते. सगळ्या सहलीत मोठा खर्च याच गाडीचा, बाकी खोली आणि जेवण त्यामानाने किरकोळ. म्हणून माणसं सहा झाली की मगच पुढची बोलणी करा. चार जणांत जीप अंगावर येते.

कागदपत्रं

उत्तराखंड पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा ‘टूरिस्ट केअर उत्तराखंड’ ॲपवर यात्रेची नोंदणी करावी लागते, त्यात हेमकुंड साहिबचा पर्याय असतो. चारधामवाल्यांसाठी आहे, आपल्याला काय करायचंय, म्हणून सोडू नका. घाटीचं तिकीट वन खात्याचं, ते वेगळं. घांघरियाच्या पुढच्या चौकीवर मिळतं, ऑनलाइनही काढता येतं. मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. सगळ्याच्या दोन छापील प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कारण ओल्या हाताने भिजलेला मोबाइल चालत नाही हे चौकीवर उभं राहिल्यावरच कळतं. रोकड जोशीमठात काढून घ्या. पुढे एटीएमच्या आणि नेटवर्कच्या भरवशावर राहू नये.

डॉक्टरकडे आधी जा, दुकानात नंतर

3,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सत्तर टक्क्यांवर येतो, हेमकुंडला साठच्या आसपास. ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण हवाच विरळ, म्हणून दर श्वासाला तो कमी मिळतो. शरीर हळूहळू जुळवून घेतं, त्याला दिवस लागतात. व्यायामाने हे दिवस कमी होत नाहीत. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्या पोराचं डोकं दुखतं आणि त्याचा पोट सुटलेला काका मजेत असतो, असं मी पाहिलंय.

रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, दमा असलेल्यांनी डॉक्टरांना ‘साडेचार हजार मीटरच्या आसपास जाणार आहे’ असं आकड्यासकट सांगावं. ‘उत्तराखंडला जातोय’ म्हटलं की ते देवदर्शन समजतात.

एक गोष्ट मात्र आपल्या भागासाठी खास, आणि ट्रेकिंगच्या याद्यांत ती सहसा नसते. नंदुरबार, धुळे, यावल-चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. आजार असलेल्यांनी इतक्या उंचीवर जाऊच नये. पण ज्यांना आजार नाही, फक्त वाहक आहेत, अशांनाही उंचीवर कधी कधी प्लीहेचा रक्तपुरवठा अडून डाव्या कुशीत जोरदार कळ येऊ शकते. वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो, त्यामुळे त्याला ठाऊकही नसतं. 2023 पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. एका थेंबाचं काम आहे. गटातल्या सगळ्यांनी करून घ्या.

डायमॉक्स गोळीबद्दल: असिटाझोलामाइड हे तिचं औषधी नाव. उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर नको. घ्यायची की नाही ते डॉक्टरांनी ठरवावं, गटातल्या अनुभवी भाऊने नाही.

पायांची तयारी इथेच

दोन महिने पुरतात. धुळेकरांना लळिंग आहे. रविवारी सकाळी पाठीवर सहा-सात किलो घेऊन किल्ला चढायचा, उतरायचा आणि पुन्हा चढायचा. चाळीसगावकरांना पाटणादेवीच्या जंगलातला कन्हेरगड, शहाद्याच्या मंडळींना तोरणमाळ. मे महिन्यात पहाटे साडेपाचला सुरू करून आठला खाली या. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा उन्हात सराव करून शूरपणा मिळतो, तयारी नाही.

चढण्याइतकंच उतरणं सरावात असू द्या. गुडघे उतारावर बोलायला लागतात. आणि वेग असा ठेवायचा की चालताना बोलता यावं. वाक्य मध्येच तुटलं, की वेग जास्त.

बूट जून संपायच्या आत घ्या आणि याच चढांवर घाला. मी नवे बूट थेट गोविंदघाटला काढले होते. उतरताना अंगठे पुढे आपटत राहिले, आणि पोळ्यापर्यंत दोन्ही नखं काळीनिळी होऊन गळून पडली. बूट अर्धा नंबर मोठा, जाड मोज्यांसह घालून बघायचा, तोही संध्याकाळी, पाय सुजलेले असतात तेव्हा.

पिशवीत काय

कापसाच्या मुलखात बसून हे लिहायला जीवावर येतं, पण सुती कपडे नेऊ नका. सुती बनियन भिजलं की वाळत नाही, आणि वारा लागला की अंगातली ऊब ओढून घेतं. उंचीमागे दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी पारा उतरतो. घांघरिया आपल्यापेक्षा अठरा-एकोणीस अंशांनी थंड, त्यात सतत पाऊस. आपल्याला ऊन सोसायची सवय आहे, ओल्या थंडीची नाही. आतून पटकन वाळणारा टी-शर्ट, वर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, सगळ्यांवर चांगला रेनकोट. यातला रेनकोट सोडून कुठेही कंजुषी चालेल. जीन्स तर घरीच.

बाकी: लोकरी मोज्यांचे तीन जोड, कानटोपी, हातमोजे, एक काठी, टॉर्च, पॉवर बँक, ओआरएस. कोरड्या कपड्यांचा एक संच जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. तो फक्त रात्री झोपताना घालायचा, दिवसा कितीही मोह झाला तरी नाही.

खाण्याचं सांगायला नको, आपण त्यात कमी पडत नाही. दशम्या गाडीतच संपतात. वर चालतात ते गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की, केळीचे वेफर्स. बिबडे आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ नेऊ नका, तळायला-भाजायला कोण बसणार. लाल मिरचीच्या ठेच्याची छोटी बरणी मात्र न्याच. तिसऱ्या दिवशीही तोच आलूपराठा समोर आला की तिची किंमत कळते, आणि ढाबेवाला चव बघायला मागतो तो वेगळा.

वाटेवरचे दिवस

जोशीमठ 1,900 मीटरच्या जरा खाली. तिथली रात्र चुकवू नका, शरीराची ओळखपरेड तिथे सुरू होते. जानेवारी 2023 मध्ये याच गावातल्या शेकडो घरांना भेगा पडल्या होत्या. काही भिंतींवर लाल फुल्या दिसतील, त्यांच्यासमोर सेल्फी काढू नये एवढंच.

सकाळी गोविंदघाट, वीसेक किलोमीटर. तिथून स्थानिक जीपने पुलना, चार किलोमीटर. पुढे घांघरियापर्यंत दहा किलोमीटर चाल आणि हजारेक मीटर चढ. जून 2013 च्या पुरात जुनी वाट आणि पूल वाहून गेले, आताची वाट त्यानंतर बांधलेली. फरसबंदी आहे, खच्चरांची ये-जा सतत. खच्चर आलं की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या नाही. हे वाचून हसू येईल, पण फोटोच्या नादात माणसं उलटंच करतात. सामान खच्चरावर किंवा पिठ्ठूकडे (पाठीवर ओझं वाहणाऱ्याकडे) द्या, भाव आधी ठरवा. आठला निघालात तर जेवत-खात तीनपर्यंत पोचाल.

पोचल्यावर झोपू नका. कपडे बदला, गरम काहीतरी प्या, आणि तासभर गावात फिरा.

दुसऱ्या दिवशी घाटी, तिसऱ्या दिवशी हेमकुंड. हा क्रम बदलू नका. घाटीत तुम्ही साडेतीन हजारांच्या आसपास जाऊन पुन्हा 3,050 ला झोपता, शरीराला एक दिवस जास्त मिळतो. आबाने (आमच्यातला सगळ्यात दणकट, केळीचे घड उचलणारा) पहिल्या खेपेला ऐकलं नाही, पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी हेमकुंडकडे निघाला. शेवटच्या पायऱ्यांच्या अलीकडे दगडावर बसला तो उठेना. “डोकं जड व्हई गयं भाऊ.” चहा नको, चिक्की नको. मी त्याला सरळ रेषेत, टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायला सांगितलं. चालला, पण मळमळत होतं. वर तलाव वीस मिनिटांवर. आम्ही दोघं खाली उतरलो. घांघरियाला पोचेस्तोवर त्याला भूक लागली होती आणि तो मला शिव्या घालत होता.

ती दहा पावलांची चाचणी लक्षात ठेवा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही सौम्य लक्षणं. थांबायचं, पाणी प्यायचं, आणखी वर जायचं नाही. पण तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यात गुलाबी फेस येत असेल, तर मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साचतंय. तेव्हा लगेच खाली, रात्र असली तरी. सकाळी बघू म्हणायचं नाही. उतरणं हेच पहिलं औषध, ऑक्सिजन मिळाला तर सोबतीला. आणि दारू? मुक्कामी थंडीवरचा उतारा म्हणून कुणीतरी बाटली काढतोच. धार्मिक जागा आहे, वर त्याने श्वास मंदावतो आणि त्रास वाढतो.

घाटीत

फाटक सकाळी सातच्या सुमारास उघडतं. पहिल्यांत रहा. दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि पाचच्या आत बाहेर यावं लागतं, आत मुक्कामाला बंदी. खच्चरांनाही बंदी. आत दुकान नाही, आडोसा नाही. जेवण आणि पाणी पाठीवर, आणि रिकामी पाकिटं परत पाठीवरच.

पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडला की दगडी चढ लागतो, भोजपत्राच्या झाडांमधून, बराच खडा. तासाभराने झाडं मागे पडतात आणि घाटी उघडते. 1931 साली कामेट शिखर सर करून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती इथे उतरले. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 2005 मध्ये नंदादेवीसह जागतिक वारशाच्या यादीत आलं. क्षेत्रफळ 87.5 चौरस किलोमीटर. बहुतेक जण पहिल्या अर्ध्या किलोमीटरवर फोटो काढून मागे फिरतात. तुम्ही पुढे जा. जोन मार्गारेट लेग ही वनस्पती गोळा करायला आलेली बाई 1939 साली इथेच कड्यावरून पडून गेली, तिची कबर आत आहे. तिथवर गर्दी उरत नाही.

फुलं ओळखायला आपल्याकडचंच ज्ञान कामी येतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या खांद्याएवढा वाढलेला गुलाबी फुलोरा दिसेल, तो तेरडाच, गौरीला लागतो त्याचा हिमालयातला भाऊबंद. फूल वाकवून मागची शेपटीसारखी नळी बघा, आणि पक्व शेंगेला नुसतं बोट लावा. फट्कन फुटून बी उडतं, अगदी आपल्या बांधावरच्या तेरड्यासारखं. फणा काढलेल्या नागासारखी कोब्रा लिली म्हणजे सापकांद्याची नातेवाईक. निळी खसखस, म्हणजे ब्लू पॉपी, खडकांच्या आडोशाला एकटीदुकटी असते, तिला शोधावं लागतं. ब्रह्मकमळ घाटीपेक्षा हेमकुंडच्या चढावर जास्त. तोडायचं काहीच नाही, बीसुद्धा खिशात नाही.

हेमकुंडच्या दिवशी पहाटे निघा. सहा किलोमीटर, पण बाराशे मीटरच्या वर चढ. शेवटी वळसा घेणारी वाट आणि सरळ पायऱ्या असे दोन पर्याय असतात, वळसाच घ्या. वर लंगरमध्ये खिचडी आणि चहा मिळतो. डोकं झाकायला रुमाल लागतो. मुक्कामाची सोय नाही, दुपारी दीड-दोनच्या आत उतरायला लागा.

उरलेले दोन दिवस

दरड आली तर ते रस्त्यावरच जातील, जीपमध्ये पत्ते कुटत. तेव्हा ड्रायव्हर थांबला की थांबायचं. ‘पलीकडच्या गाड्या तर निघाल्या’ म्हणून त्याच्यावर दबाव आणू नका. वरून दगड येतोय की नाही हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

दरड नाही आली, तर गोविंदघाटहून बद्रीनाथ पंचवीसेक किलोमीटर आहे आणि पुढे माणा गाव. घरून निघताना आईने गंगाजलासाठी दिलेली प्लास्टिकची बाटली हरिद्वारला परतीच्या वाटेवर भरा. जाताना भरली तर दहा दिवस पाठीवर वागवावी लागते. आमच्या आबाने ती हेमकुंडाच्या वाटेवर तहान लागली म्हणून पिऊन टाकली, आणि घरी दिल्लीच्या स्टेशनवरचं पाणी दिलं.